‘म्हणतात’ म्हणजे कोण

१२ ऑगस्ट, सोमवार
शुक्रवारी सेमिनार! विषय — एका जुन्या अमेरिकन कथेचं निवेदन आणि शैली. एकट्या राहणाऱ्या बाईची कथा, पण सांगतं गाव. आम्ही पाहिलं, आम्हांला वाटलं... सांगणाऱ्याचं नाव शेवटपर्यंत नाही.

१३ ऑगस्ट
मराठीत करताना पहिल्याच ओळीला अडले. ‘आम्ही’ की ‘आपण’? ‘आम्ही’ लिहिलं तर वाचणारा बाहेर राहतो. ‘आपण’ लिहिलं तर तोही सामील. इंग्रजीत एकच शब्द, त्यांचं बरं आहे! आजोबांना विचारलं. दुसरीपर्यंत घरी त्यांनीच शिकवलं. अजून माझी वाक्यं तपासतात. म्हणाले, “पयले कर्ता शोध. नुसतं ‘म्हणतात’ लिहिशीन तं मी काट मारीन. कोण म्हणते?”

१४ ऑगस्ट
शेजारच्या वर्षाकाकू आल्या होत्या. त्यांच्या मागच्या खोलीत हंसाबाई भाड्यानं राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. “शनिवारपावतर खोली खाली कर म्हटलं तिले. एकटी बाई, अन् दारात माणसाच्या चपला! साऱ्या गल्लीनं पाह्यल्या.”
आई मान हलवत होती. मी पोळी तशीच ठेवून उठले.
सेमिनारचा एक शब्दही लिहिला नाही.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाहून परस्पर हंसाबाईकडे गेले. भांडी पोत्यात भरत होती. चपला दारातच — मोठ्या, काळ्या, तळवा अगदी कोरा.
“मीच घेतल्या बाजारातून,” ती म्हणाली. “एकटी बाई दिसली का कोणी बी कडी वाजवते. चपला पाहून वापस जाते.” मग हसली. “लय गुणी माणूस हाय पोरी! दारातच राह्यते, जेवाले मागत नाही.”
मला हसता येईना.
“काकूले सांगितलं तरी कोणं असन वं?”
मी म्हटलं, “लोक म्हणतात.”
पुन्हा!

१६ ऑगस्ट, शुक्रवार
सेमिनारच्या आधी काकूंच्या दारात उभी राहिले. एका दमात सांगितलं — गल्लीनं नाही, चपला मी पाहिल्या. आईला ‘लोक म्हणतात’ असं मीच सांगितलं, आईनं तुम्हांला. लोक नव्हतेच. मी होते.