तू परत केलेले बोंबील

प्रिय मेधाबाय,

तुझी आई जेवते का गं? वडील कसे आहेत? लेकरू असेल तर त्याला कोण जवळ घेतंय? घरचं तू कधी सांगितलं नाहीस, म्हणून अंदाजानंच विचारते. तुझी तब्येत विचारायची मात्र सोय उरली नाही.

खांदा कॉलनीतल्या तुझ्या समुपदेशन केंद्रातून काल फोन आला. तू आजारपणात गेलीस, आणि गुरुवारपासून मी नवीन बाईंकडे बसायचं. मी म्हटलं, नको. पुन्हा पहिल्यापासून कोण मन उघडं करील? म्हणून तुलाच लिहायला बसले. एवढी आजारी होतीस, एका शब्दानं सांगितलं नाहीस?

धन्याला दर्यानं नेलं, माझी झोप उडाली, तेव्हा मुलानं तुझ्याकडे आणलं. एकदा मी करंजा बंदरावरून सुके बोंबील आणले. तू पिशवी माझ्याकडेच सरकवलीस. "काकू, भेट घ्यायची नाही, असा नियम आहे." आमच्यात दिलेली मासळी परत आली, की तो उंबरा तुटला! नाकावर राग घेऊन मी घरीच बसले.

तूच फोन केलास. "रागावलात ना काकू? मग इथे येऊन रागवा."

आले, आणि भडाभडा बोलले. "आमच्या मासलीचा वास येतो ना तुला? मंग तसं सांग ना गो! नियमाच्या आड कशाला लपतेस?"

दुसरी असती तर नियमच समजावत बसली असती. तू म्हणालीस, "नियम आहेच. पण किती मायेनं आणलंत, ते मी बघितलंच नाही. चुकलं माझं." मग हळूच, "याआधी कुणी तुमच्या हातचं परत केलं होतं?"

बाय गं! शेवटच्या सकाळी धनी भांडून बोटीवर गेले, मी बांधलेली भाकरी ओट्यावरच ठेवून. बोट आली, ते नाही आले. हे मी मुलालाही सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं आणि तुझ्यासमोर पदर भिजेस्तोवर रडले. बोंबील शेवटपर्यंत घेतले नाहीसच, हट्टी कुठली! पण त्या दुपारी घरी जाऊन मी झोपले.

भांडूनही पुन्हा समोर बसता येतं, हे धन्याशी जमायचं राहून गेलं. तुझ्याशी जमलं. म्हणून शब्द देते, गुरुवारी जाईन. नवीन बाईंचं काही मनाला लागलं, तर घरी रुसून बसणार नाही, त्यांच्या तोंडावर सांगेन.

उत्तर लवकर लिही. येणार नाही, ठाऊक आहे. पण हे लिहिल्याशिवाय मला पत्र संपवताच येत नाही.

तुझी,
चंद्राकाकू