कंपनीचा प्रोग्रॅम आणि बेगिमाय

१४ जून, संध्याकाळी ६:४०
माझं आयुष्य बदललं ते आत्ता, या मिनिटाला. बेगिमाय वायरलेसवर म्हणाली, "अर्गेन, तुझा आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा येतो." रोज याच वेळी बोलायचं ठरलं. आमच्या काराकोल शहराच्या अख्ख्या रेडिओ क्लबात अक्कल असलेली ती एकटीच. मला धरून दोघं.

१५ जून
अशा मुलीशी कंपनीच्या बंदिस्त फर्मवेअरवरून बोलायचं? सेट माझा, आणि त्याच्या पोटातला प्रोग्रॅम मला उघडून बघायची चोरी! याच मुद्द्यावर कॉलेज सोडलं. (वडील म्हणतात, नापास झालो म्हणून. वडिलांना तत्त्व कळत नाही.) आज कुणालाही उघडून बघता येणारं मुक्त फर्मवेअर चढवलं. क्लबप्रमुख तोक्तोसूनकाका म्हणाले, "बाळा, आधी सेटची जुनी मापं कॉपी करून ठेव. पुसली गेली तर फ्रिक्वेन्सी घसरते." म्हटलं, काका, कॉपी भित्रे ठेवतात.

१७ जून
बेगिमाय दोन दिवस गप्प. लाजते आहे.

२२ जून
मौन चालूच. मी एकटा बोलतो, रोज वीस मिनिटं. आज तिच्या भुवयांवर. मध्येच कुरणावरचे, घोडींचं दूध काढणारे गुराखी घुसतात, "घोड्या आणा रे धारेला!" ना परवाना, ना अक्कल.
मोबाईल बंद करून आईच्या पेटीत टाकला. त्यातही बंदिस्त प्रोग्रॅम. क्लबातही जाणार नाही. गुलामांचा अड्डा.

१ जुलै
लग्नाचं विचारलं. उत्तर नाही. म्हणजे नकारही नाही. कुणीतरी गावंढळ बाई मध्येच ओरडली, "अगं, हो म्हणून टाक की एकदाची!"

४ जुलै, दुपार
गुराख्यांची तक्रार करायला क्लबात गेलो. तिथे एक म्हातारा गुराखी आधीच तक्रार करत बसलेला, मांडीवर रेडिओ. मी तोंड उघडताच तो उडाला, "हाच तो आवाज! पोरा, तुझ्यापायी तीन आठवडे धारा वेळेवर निघत नाहीत. बायका भुवया ऐकत बसतात! माझी म्हातारी विचारते, चाळीस वर्षांत तुम्ही एकदा तरी असं बोललात का?"
क्लब हसून लोळला. काका म्हणाले, "मापं पुसलीस ना? सरकलास शेजारच्या चॅनलवर."
बेगिमाय हसली नाही. म्हणाली, "मी रोज सहा चाळीसला हाका मारत होते. वाटलं, रागावलास. फोनही बंद." मग हळूच, "सेट काकांना दे. कंपनीचा प्रोग्रॅम परत टाकून अर्ध्या तासात जागेवर आणतील. संध्याकाळी, घोड्यांना जे सांगितलंस ते मला सांग."
विचारलं, कंपनीचाच का?
म्हणाली, "अरे, कारण तो चालतो."
चालतो! काय बोलणार अशा माणसांपुढे? सगळे माझ्या हातातल्या सेटकडे बघत होते. तीही.
सेट खिशात घातला. बाहेर आलो. दार आपटलं, ते लागलं नाही. परत जाऊन नीट लावलं.