दोघांनी वेगवेगळे काढायचे

बाई, तुम्हाला जाऊन एकतीस वर्षे झाली. या काळात मी तुम्हाला एकदाही लिहिले नाही, कारण मृतांना पत्र लिहिणे मला तर्काला सोडून वाटत आले. आजही वाटते. तरी लिहितो आहे, कारण गेल्या मंगळवारी इथल्याच एका संस्थेत पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो आणि तिथे जे पाहिले त्याची किळस अजून गेलेली नाही. जिच्यापुढे ती बोलून दाखवावी अशी व्यक्ती आता पुण्यात उरलेली नाही.

प्रबंध आपल्याच विषयावरचा होता. फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष, त्यांचा आकार आणि त्यांची गती. वीसेक वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन प्रतिमा, त्यांत चमकणाऱ्या वायूच्या गाठी, आणि मधल्या काळात प्रत्येक गाठ किती सरकली याचे मोजमाप. शेवटी दोन स्तंभ होते, एक मार्गदर्शकांनी मोजलेला आणि दुसरा विद्यार्थिनीने ‘स्वतंत्रपणे’ मोजलेला. ते इतके तंतोतंत जुळत होते की वाचतानाच मी समासात प्रश्नचिन्ह काढले. पुसट गाठीची कड दोन माणसांना नेमकी एकाच जागी कधी दिसत नाही, हे तुमच्या हाताखाली दोन महिने काढलेल्या कोणालाही कळले असते.

कर्वेनगरचे तुमचे स्वयंपाकघर मला अजून दिसते. तुम्ही ओट्याशेजारच्या टेबलाशी बसला आहात, मी बाहेरच्या खोलीत आहे, मधले दार लोटलेले आहे. दोघांपुढे त्याच दोन छायाचित्रांच्या प्रती आणि त्यांवर ट्रेसिंग पेपर. दोघांनी वेगवेगळे काढायचे, पुरे होईपर्यंत एकमेकांशी बोलायचे नाही, हा तुमचा दंडक. मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचे. रेघा जिथे जुळतील तेवढे ताऱ्याचे, उरलेले आपल्या डोळ्यांचे. पहिल्या खेपेस मी सुबक गोल काढून आणला तेव्हा तुम्ही चष्म्यावरून पाहिलेत. “पोळी लाटलीस का रे? तारा फुटलाय तो. त्याला पोळपाट कुठला?” मग तुम्ही समजावलेत की एका बाजूला दाट वायू लागला की स्फोटाची लाट तिथे मंदावते, दुसरीकडे मोकळी धावते, म्हणून आकार वाकडा होतो. त्या आकाराच्या मध्यावर स्फोट झाला असे गृहीत धरणे चूक. गाठींची गती मोजायची आणि तिच्या वाटेने मागे जात स्फोटाची जागा शोधायची. “आकार फसवतो,” तुम्ही म्हणालात, “आणि आपल्याला फसायची हौस असते.”

मंगळवारी मी विचारले, “हे दोन स्तंभ स्वतंत्र कसे?” उत्तर मार्गदर्शकांनीच दिले. “अहो सर, आकडे जुळले म्हणून कोणी अडवतं का?”

“जुळले म्हणूनच विचारतो आहे. आपण थांबा, त्यांना बोलू द्या.”

विद्यार्थिनी तिशीची असेल. ती खाली पाहत म्हणाली, “सरांनी त्यांचे आकडे मला आधी दिले होते, अंदाज यावा म्हणून. मग मला तिथेच दिसायला लागलं. मुद्दाम खोटं नाही लिहिलं, सर.”

“चला, प्रामाणिक आहे मुलगी,” दुसरे परीक्षक म्हणाले. “आता आटपा, पोहे गार होतायत.” यावर मार्गदर्शक हसले. त्या हसण्याची मला शिसारी आली. साक्षीदाराला आधी पढवायचे आणि मग त्याची साक्ष पुरावा म्हणून मांडायची, याला प्रमाण म्हणत नाहीत. मी सही नाकारली. यांपैकी एकही आकडा न पाहिलेल्या माणसाकडून सगळे पुन्हा मोजून घ्या, असा शेरा लिहिला. त्यानंतर त्या दोघांनी पोहे खाल्ले, वर लिंबू मागून घेतले.

काल तिचा फोन आला. धायरीजवळच्या एका महाविद्यालयात तिची नेमणूक ठरली आहे, ती पदवीवर अवलंबून आहे. “पुन्हा मोजायचं म्हणजे सहा महिने, सर. जागा जाईल.” मी म्हणालो, “जाईल.” मग तिने विचारले, “तुमच्याकडून असं कधीच झालं नाही का, सर?”

बाई, तुमच्याकडे शिकत होतो त्यातल्या शेवटच्या उन्हाळ्यात तुम्ही कुकर उतरवायला उठलात आणि मी पाणी प्यायला आत आलो. तुमचा कागद टेबलावर उघडा होता. पश्चिमेकडच्या कडेवर तुम्ही एक गाठ काढली होती, बाकीच्यांपेक्षा कितीतरी पुढे सरकलेली. मला ती तोपर्यंत कुठेच दिसली नव्हती. बाहेर जाऊन बसलो आणि दिसली. खिडकीशी दोन्ही कागद जुळले तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. “दोघांना दिसली, म्हणजे आहे.” तुमच्या लेखात त्या गाठीचा वेग छापला गेला. ‘स्वतंत्र पडताळणी’ म्हणून खाली माझे नाव आहे. ती गाठ खरोखर तिथे होती की नाही, मला आजही ठाऊक नाही. पुढे चाळीस वर्षे मी इतरांचे प्रबंध तपासले, त्या छायाचित्रांकडे मात्र पुन्हा वळलो नाही.

तिला मी ‘नाही’ म्हणालो. एका शब्दात, न अडखळता. तिने माफी मागितली आणि मी ती स्वीकारली.