प्रत्येक किनाऱ्यावर एक पांढरी कार

गुहागर
१२ जानेवारी २०२५

श्री. फकीर मोहम्मद यांस,

महादेवचा नमस्कार. इकडे आम्ही उभयता सुखरूप आहोत. तिकडे नांदुऱ्यात तुम्ही, गुलनारभाभी आणि सकलैन बरे असाल.

आधी एक गोष्ट कागदावर येऊ द्या. या गाडीत माझ्या हातचं काम असं : दोन्ही पलंगांचे सांगाडे, त्यांतला उजवा घडी होऊन टेबल होतो तो. छपरातली खिडकी, एसटीच्या भंगारातल्या काचेची. सिंक, पाण्याची टाकी, आणि सांडपाणी रस्त्यावर न सांडता वेगळ्या डब्यात जातं ती नळी. मच्छरजाळीच्या सरकत्या चौकटी. गॅसची पेटी, बाहेरून उघडणारी. मागची पायरी, दार उघडलं की आपोआप खाली येते ती. वायरिंग सगळं. शाळेची जुनी मिनीबस होती, तिचं घर मी केलं. सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि वेल्डिंगसुद्धा कोणी हात धरून शिकवलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. गाद्या, पडदे आणि छताचं अस्तर तुमचं. ते मी नाकारत नाही. पण सांगाडा कोणाचा, असं उद्या कोणी विचारलं तर कागद असावा.

फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही हसण्यावारी नेता. निघायच्या आदल्या दिवशी दुकानात म्हणालात, "पुण्याचं एक गिऱ्हाईक आहे, दाखवून त पाय. पटलं त विकून टाक, अशा दहा बनवू." मी चहा अर्धा सोडून उठलो. गाडी विकायला केली नाही, हे तेव्हाही सांगितलं होतं, आता पुन्हा सांगतो.

किनारे कसे आहेत ते कळवा, असं तुम्ही म्हणाला होतात. म्हणून कळवतो. हरिहरेश्वरला खडकावर लाटा फुटताना पाहाव्यात, पण गाडी लावायला जागा तोकडी. केळशीचा किनारा लांब आणि निवांत. वाळूचा एक डोंगरच आहे तिथं. आंजर्ल्याला टेकडीवरच्या गणपतीच्या देवळापाशी उभं राहिलं की नारळाच्या बागा, खाडीचं तोंड आणि अख्खा किनारा एका नजरेत येतो. वंदनानं समुद्र पहिल्यांदा पाहिला. मग म्हणाली, "एवढं पानी, आन् एक घोट पेता येत नाही." गुहागरचा किनारा मला सगळ्यांत पटला. सुताची दोरी मारल्यासारखा सरळ. मागं सुरूची झाडं, त्यांच्या सावलीत गाडी उभी आहे आणि गोडं पाणी हाकेच्या अंतरावर.

आता मुद्दा. हरिहरेश्वरला आमच्या मागं एक पांढरी कार उभी होती. चाळिशीची एक बाई आणि तिची म्हातारी आई. पुण्याचा नंबर. आंजर्ल्याला तीच कार. दाभोळच्या फेरीबोटीत पुन्हा तीच, आमच्यामागं दोन गाड्या सोडून. आणि काल आम्ही इथं पोचलो तर म्हातारी आधीच घडीची खुर्ची टाकून समुद्राकडं तोंड करून बसलेली. ती बाई गाडीभोवती एक चक्कर मारून मला विचारते, "काका, सिंकचं पाणी कुठं जातं?"

लोक गाडी पाहतात तेव्हा पलंग पाहतात, फोटो काढतात. सिंकचं पाणी कुठं जातं हे कोणी विचारत नाही. ज्याला आधी कोणी सांगितलं असेल तोच विचारतो. आणि आपण कुठल्या किनाऱ्यांवर मुक्काम करणार, हे तुमच्या दुकानात बसून ठरलं होतं. तिसरं माणूस तिथं नव्हतं.

अजून एक. डावीकडच्या शेवटच्या दोन गाद्यांची शिलाई तिरपी गेली आहे. तुमच्या हातची अशी शिलाई मी आजवर पाहिली नाही. मन दुसरीकडं असलं की असं होतं. कुठं होतं, ते तुम्हीच जाणा.

कळावे.

महादेव


गणेशगुळे, रत्नागिरीच्या खाली
१८ जानेवारी २०२५

श्री. फकीर मोहम्मद यांस,

नमस्कार. प्रकृती ठीक. गाडीची प्रकृतीही ठीक, एक थेंब तेल कुठून गळलं नाही.

तवसाळहून फेरीबोटीनं जयगडला उतरलो. गणपतीपुळ्याला दर्शन घेऊन लगेच निघालो; किनारा सुंदर आहे पण उंटवाले आणि घोडेवाले मोजावेत की माणसं मोजावीत, कळत नाही. त्याच्या पुढं आरे-वारे. तिथला रस्ता डोंगराच्या कडेनं वर चढतो आणि वळणावर खाली दोन किनारे एकदम उघडतात. वंदना म्हणाली, "थांबवा." मी थांबवली. मागं पाहिलं. ती पांढरी कारही थांबली होती.

मी वंदनाला म्हणालो, ही बाई आपल्या मागावर आहे.

"तुमाले भंगारवाला दिसला तरी वाटते, गाडीचं माप घेऊन राह्यला."

"मंग हे बाई काऊन दिसते जिथंतिथं?"

"समुद्र तिच्या बापाचा नाही, तसा तुमच्याबी बापाचा नाही. तिले पाहू द्या, तुमी पाहा."

आणि एवढं बोलून ती त्या म्हातारीला शेंगदाण्याची चटणी द्यायला गेली. दोघींची चांगलीच गट्टी जमली आहे. म्हातारी आमच्या पायरीवरून दोनदा चढली-उतरली. वंदना तिचा हात धरायला गेली तर मुलगी लांबून म्हणते, "नको, तिला एकटीला चढू द्या." आईला गुडघेदुखी, आणि मुलगी हात धरू देत नाही. यात काही काळंबेरं नाही असं मला कोणी पटवून दाखवावं.

मग मी एक परीक्षा घेतली. आपलं ठरलं होतं भाट्याच्या किनाऱ्याचं. तिथं न जाता मी सकाळी एकट्या वंदनाला सांगितलं, गणेशगुळ्याला जाऊ. तुम्हाला कळवलं नाही, कोणालाच कळवलं नाही. इथं पोचलो. चांगला शांत किनारा आहे, माणूस नाही काणूस नाही. ऊन कलायच्या आत पांढरी कार हजर.

म्हणजे बातमी आमच्या गाडीतूनच बाहेर जाते. वंदना रोज संध्याकाळी गुलनारभाभींशी फोनवर बोलते. मी जवळ गेलो की आवाज खाली जातो आणि भाजीच्या गोष्टी सुरू होतात.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. काल जेवताना मी काही पुटपुटलो तर ती म्हणते, "सांगाडा कोनाचा ते कागदावर आलं ना आता? मंग जेवा गुमान." फकीर मोहम्मद, हे शब्द माझ्या पत्रातले आहेत. पाकीट मी स्वतः डिंक लावून बंद केलं, स्वतः गुहागरच्या पोस्टात स्पीड पोस्टानं टाकलं. तिनं ते पाहिलंसुद्धा नव्हतं. माझं पत्र तुम्ही दुसऱ्यांना वाचायला देता, एवढंच मला यातून समजतं.

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर आपली दोन दुकानं पाठीला पाठ लावून उभी आहेत. माझ्याकडून सांगाडा जायचा, तुमच्याकडून गादी, आणि गिऱ्हाईक विचारायचं दोघं भाऊ का. परत आल्यावर मी मधलं दार उघडं ठेवीन की विटांनी बुजवीन, हे आज सांगता येत नाही.

उद्या पहाटे गाडी रस्त्यावरून खाली किनाऱ्याला नेतो, सुरूच्या झाडांआड. वरून दिसणार नाही.

महादेव


कुणकेश्वर, तालुका देवगड
२४ जानेवारी २०२५

फकीर,

इथलं देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. भरतीला पाणी देवळाच्या भिंतीपर्यंत येतं आणि आपण वर ओट्यावर बसून शेंगा खाऊ शकतो. वाळू पांढरी, पाणी निळं, गाडी लावायला सपाट जागा भरपूर. पुढं तारकर्ली आणि निवतीला जायचं होतं. निवतीला किल्ल्याखाली लहानसा किनारा आहे म्हणतात, खडकांच्या मधोमध. तो राहील बहुधा. आम्ही परत निघतो आहोत.

गाडी झाडांआड लपवायचा बेत लिहिला होता. तो फसला. कसा, ते लिहायला मला पाच दिवस लागले.

पहाटे ओहोटी होती. किनाऱ्याला एक मासेवाला जाळं झटकत होता. तो म्हणाला, "ओल्यावरनं घ्या हो, पाण्याच्या बाजूनं. सुक्यात चाक बसेल." आता तूच सांग. आपल्या काळ्या मातीत ओल दिसली की ट्रॅक्टरवाला वळसा घालतो. बढ्याच्या रस्त्याला आपली ट्रॉली कशी रुतली होती, तू होतास बरोबर. मला वाटलं, हा मला मुद्दाम चिखलात घालतो आहे. यालाही त्या बाईनं काही दिलं असेल. मी त्याच्याकडं पाहून हसलो आणि गाडी कोरड्या, पांढऱ्या वाळूवर घातली.

मागची चाकं आसापर्यंत गेली. जितका जोर दिला तितकी खाली. आणि ओल्या वाळूवरून त्या माणसाची मोटारसायकल डांबरी रस्त्यावरून जावी तशी गेली.

पाणी चढायला लागलं. मी फावड्यानं उपसत होतो, वाळू तितकीच परत येत होती. वंदना गाडीतली भांडी उतरवत होती. तुझ्या गाद्या तिनं आधी बाहेर काढल्या.

तेव्हा ती बाई आली. तिच्या कारमध्ये दोन लांब फळ्या होत्या. म्हातारी वरून रस्त्यावरून ओरडली, "हवा सोडा टायरची, अर्धी सोडा." माझं हयातभर टायरशी काम, हवा कमी केली की चाक पसरतं आणि बसत नाही, हे मला सुचलं नाही. फळ्या घातल्या, मासेवाल्यांनी दोर लावला, दहाबारा माणसं ओढायला. गाडी निघाली. पाठीमागच्या लाटेनं पायरी धुतली.

त्या दोरावर पुढं ती बाई होती आणि तिच्यामागं मी.

तिचं नाव सुचिता. पुण्यात तिच्या अशा गाड्या भाड्यानं जातात. चहा पिताना मी विचारलं, तुम्हाला आमच्यामागं कोणी पाठवलं? ती सरळ म्हणाली, "फकीरभाईंनी. मी त्यांना सीट्सचं काम विचारायला फोन केला होता. ते म्हणाले, सीटा सोडा, माझ्या दोस्ताची गाडी पाहा. पण दारात जाऊन विचारू नका, तो हाकलून देईल. चालताना पाहा, लोक तिच्यात राहताना पाहा." आईला मुद्दाम आणलं होतं. आई जी पायरी एकटी चढेल ती कोणीही चढेल, असा तिचा हिशेब.

म्हणजे माझा संशय खरा होता. तू पाठवलं होतंस. खरं ठरल्याचं समाधान मला कपभर चहा संपेपर्यंत पुरलं.

कारण मग मी विचारलं, गाद्यांचं काय ठरलं? ती घुटमळली. म्हणाली, "त्याचं त्यांनीच सांगितलं. गाद्या तुमच्या कारखान्यात करून घ्या, माझा विचार करू नका, माझे डोळे आता कामाचे नाहीत."

मी वंदनाकडं पाहिलं. ती कप विसळत होती.

"तुले माहीत होतं?"

"हाव."

"कवापासून?"

"दिवाळीपासून. साखरेनं डोयाचा पडदा खराब झाला म्हने. सुई ओवता येत नाही त्याईले. थ्या शेवटच्या दोन गाद्या भाभीनं शिवल्या." मग, "तुमची चिठ्ठी भाभी वाचते, अन् थे आयकतात. तिरप्या शिलाईचं आलं तवा भाभी थांबली. थे म्हने, वाच पुढं, त्याची नजर चांगली हाये."

मी बाहेर जाऊन टायरमध्ये हवा भरत बसलो.

फकीर, रोज माझ्या दुकानाच्या मागच्या दारातून तू यायचास, माझ्या हातातून तंबाखूचा चिमटा घ्यायचास, आणि मला कळलं नाही. मोजपट्टीवरचा आकडा तू मला विचारायला लागलास तेव्हा वाटलं, मान देतोस. मिलीमीटरचा फरक मला लांबून दिसतो म्हणून मी जगात मिरवतो.

पण माझा संशय अजून गेलेला नाही, फक्त जागा बदलली आहे. तू दुकान आवरायला घेतलं आहेस असा मला संशय आहे. सकलैनला नाशिकच्या नोकरीवर जा म्हणालास, तो त्यातलाच भाग. मशीन कोणाला द्यायची ठरवली आहेस, तेही लपवत असशील. आणि माझी सोय आधी लावून मग बसायचं, असा तुझा बेत दिसतो. तुझी मदत मी मागितली नव्हती, आणि मला न विचारता मला विकायला तुला कोणी सांगितलं नव्हतं. याचा राग आहे. तो घरी आल्यावर काढीन.

मंगळवारी पोचतो. बुधवारी तू, भाभी आणि मी याच गाडीनं जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊ. पलंगावर पडून ये, वाटलं तर. डॉक्टर जे म्हणेल ते माझ्यासमोर म्हणेल. आणि तो काहीही म्हणाला तरी माप घ्यायला तुझे हात शाबूत आहेत. या बसची बॉडी मुळात वाकडी; हिच्यात दोन गाद्या एका मापाच्या नाहीत. तू फोम कापलास तो बोटांनी चाचपून, टेप मी धरली होती तेव्हाही तू तिच्याकडं पाहत नव्हतास. कापायचं तू, सुई ओवायची भाभीनं. तिची शिलाई तिरपी जाते, पण उसवलेली नाही. खाऱ्या पाण्यानंतरसुद्धा मी तपासली.

हे पत्र भाभी वाचत असतील. भाभी, मागच्या दोन पत्रांत जे वाकडं लिहिलं ते तुम्हाला तोंडानं वाचावं लागलं. त्याबद्दल मी तुमच्यापुढं मान खाली घालतो.

सुचिताबाईंनी काल इथं येऊन कागद पुढं केला. गाडी, तिची सगळी मापं, आणि पुढच्या गाड्यांचं लोखंडकाम माझ्याकडं. गाद्या-पडदे त्यांच्या कारखान्याचे. मी म्हणालो, गाद्या नांदुऱ्याच्या असतील तर बोला. ते जमणार नाही म्हणाल्या. मी कागद परत दिला. माणूस वाईट नाही. जाताना दोन्ही फळ्या आमच्या गाडीत ठेवून गेल्या. तू कोणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक, म्हणून आकडा लिहितो. त्यांनी सतरा लाख म्हटलं होतं, पायरीसाठी चाळीस हजार वर चढवले. सतरा लाख चाळीस हजार. मी नाही म्हणालो.

तुझा,
महादेव