लिंबात शिजलेला मासा

तीर्थरूप आईंना सुनेचा नमस्कार, आज जरा ताठ मानेनं.

"लेकाला उपाशी ठेवतेस, म्हणून तो वाळतोय," असं तुम्ही दर रविवारी फोनवर ऐकवता. आता तुम्ही ऐका. ह्यांच्या शौचाच्या तपासणीत जंताची अंडी सापडली. डॉक्टरांनी विचारलं, "कच्चा मासा खाता?" तुमचे चिरंजीव छाती फुगवून म्हणाले, "छे! आई बरणी भरून पाठवते, तो लिंबात शिजलेला असतो."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "लिंबानं मासा पांढरा पडतो हो, पण जंताचं काही बिघडत नाही. त्याला विस्तवच लागतो."

खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वाटलं, रिपोर्ट फ्रेम करून तुमच्याकडे पाठवावा.

मग डॉक्टरांनी विचारलं, "बरणीतलं आणखी कोणी खाल्लं?" हे म्हणाले, "ही तर आईच्या हातचं तोंडातसुद्धा घालत नाही." मी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप माझ्याही शौचाची डबी तपासायला देऊन आले.

माझ्यातही सापडली. हे कामावर गेले की ओट्याशी उभी राहून मी रोज चार तुकडे खायचे. गोळी ह्यांनी माझ्यासमोर घेतली, मी न्हाणीघराचं दार लावून.

तेव्हा हे पत्र माझ्या कपाटातच राहील. फोनवर एवढंच सांगेन, की डॉक्टरांनी तुम्हालाही तपासून घ्यायला सांगितलंय. आणि पुढचा मासा चुलीवर नीट शिजवा. बरणी मात्र जरा मोठी घ्या.

तुमच्या हातचं मुळीच न आवडणारी,
सून