शिवदासच्या दुकानातलं प्रवाळ

३ जून
नोकरी लागली! घाटकोपरला, शोभेच्या माशांच्या दुकानात. प्राणिशास्त्राची पदवी एकदाची कामाला आली. आईने अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. चौदा टाक्या आहेत. विदूषक मासे, समुद्रघोडे, निळ्या ओठांचे थोरले शिंपले आणि रंगीबेरंगी प्रवाळ. मालक शिवदास एकदम गोड माणूस.

५ जून
प्रवाळ फोडायला शिकले. जिवंत फांदी पकडीने तोडायची, तुकडे गोंदाने दगडी चकत्यांवर चिकटवायचे. प्रत्येक तुकडा वाढतो. हातमोज्यांनी पाणी बिघडतं, असं शिवदासचं म्हणणं. उघड्या हाताने करताना बोट खरचटलं. हळद लावली.

९ जून
गोड कसला, नालायक आहे मेला! सगळा माल टाकीत वाढवलेला म्हणून विकतो. आज खोकं उघडलं तर आत पोर्ट ब्लेअरचा पेपर. अंदमानच्या संरक्षित बेटांवरचं प्रवाळ ओरबाडून आणलंय, पिशव्यांत निम्मे मासे मेलेले. जाब विचारला, तर म्हणे समुद्र केवढा मोठा, त्याला काय कळतंय. आई म्हणाली, त्या मेल्याक सोडू नको गो. नाहीच सोडणार. फोटो काढलेत, वनखात्यात तक्रार करणार.

१२ जून
जखम भरत नाही. तिच्यावर जांभळे कोंब आलेत. पाण्यात हात घातला की उमलतात. डॉक्टर म्हणे अॅलर्जी. डोंबलाची अॅलर्जी!

१४ जून
तक्रार द्यायला निघाले होते. वाटेत हाताची आग आग. मनगट दगडासारखं टणक. घरी मिठाच्या पाण्यात हात बुडवून पाहिला, उपयोग नाही. शेवटी त्याच दुकानात, त्याच टाकीत हात घातला तेव्हा आग थांबली. स्वतःचाच भयंकर राग येतोय.

१४ जून, दुपार
डाव्या हाताने लिहितेय. उजवा टाकीतल्या खडकाला चिकटलाय. ओढला — निघत नाही. शिवदासने पाहिलं. वाटलं, घाबरेल. त्या नीचाने फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवले. असं जांभळं प्रवाळ कुणाकडेच नाही म्हणे.

त्यानंतर
माझा फोन घेतला. त्यावरून आईला मेसेज केलाय — कामामुळे उशीर होईल. शटर खाली. घसा फाटेस्तोवर शिव्या घातल्या. हसतोय हरामखोर. तोडलं तरी मरत नाही म्हणे, उलट वाढतं.

टाकीच्या काचेवर, माझ्या बोटांसमोर मार्करने रेघा मारतोय. एकेका रेघेपुढे गिऱ्हाइकाचं नाव. आधी करंगळी, म्हणे, बोरिवलीच्या —