रॅग्लन बाही आणि बोरगावची विहीर

बेळगाव, एप्रिल १९३७

तीर्थस्वरूप दाजी यांस,

धाकटा मेहुणा पारिसा याचा जयजिनेंद्र. आक्काची कंबर आता कशी आहे? तुमचा खोकला उतरला असेल. मी खुशाल आहे, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

बोरगावच्या बाळगोंडांची मुलगी बघायला तुम्ही मला तुमच्या शब्दावर पाठवलेत. तिथे मी काय करून आलो, ते दुसऱ्या कुणाकडून कानी येण्याआधी मीच कळवतो.

इथल्या कॅम्पातल्या शिंप्याकडून मी नवा कोट शिवून घेतला. त्याची बाही खांद्यावर जोडलेली नाही. शिवण गळ्यापासून काखेपर्यंत तिरपी जाते (खांदा कुठे संपला ते कळत नाही). पक्की शिवण उद्या घालतो, असे शिंपी म्हणाला. मी कच्च्या टाक्यांवरच घालून निघालो. बोरगावला पुढल्या सोप्यात बसलो तेव्हा बाळगोंडांच्या आई, गुणाबाई, माझ्या खांद्याकडे बघत होत्या. मला ते कौतुक वाटले. मी मास्तर माणूस; कुणी न विचारता सांगू लागलो, की हिला रॅग्लन म्हणतात, त्या नावाच्या लाटसाहेबाचा हात लढाईत गेला, त्याच्या सोयीसाठी ही बाही बेतली आणि नाव त्याचेच पडले. पोह्यांची ताटली घेऊन आलेली मुलगी, पद्मावती, उंबऱ्यातच थांबली. मग गुणाबाईंनी हळूच विचारले, "आणि पाव्हणं, तुमचा कुठला? डावा का उजवा?"

मी दोन्ही हात हलवून दाखवले. "हलत्यात व्हय. पण बळ?" म्हातारी म्हणाली. "कोट काढा की. उकाडा लई हाय." कोट काढणे शक्य नव्हते. आतल्या सदऱ्याच्या बाह्या विरल्या होत्या, म्हणून त्या कापून मी कफ तेवढे मनगटांना बांधले होते (कोटातून कफच दिसतात). मला थंडी वाजते, असे मी म्हणालो. एप्रिलमध्ये. दिवस मावळायच्या आत जेवणे उरकायची होती, तेव्हा बाळगोंडांनी वाद घातला नाही. परसातल्या विहिरीवर नेले आणि भरली घागर खांद्यावर घ्या म्हणाले. घेतली. टाके गळ्यापासून सुटत गेले आणि उजवी बाही उतरून पायाशी पडली. खांद्यावर घागर, उघडा हात, मनगटाला कफ. गुणाबाईंनी हात दंडापासून चाचपला. "हात धड हाय," त्या म्हणाल्या, "सदराच लुळा हाय." बायका हसल्या. पद्मावती हसली नाही. ते जास्त लागले. मी घागर ठेवली आणि न जेवता मागल्या दाराने निघालो. बाही तिथेच राहिली.

दाजी, तुमचा शब्द मी खाली पाडला. मुलगी मनात भरली होती, हे आता कोणत्या तोंडाने सांगू? मुलाचाच विचार नाही, असे बाळगोंडांना कळवा आणि तुमची मान सोडवा.

आपला लाजिरवाणा,
पारिसा

ता. क. तंबाखू घेऊन आलेला बाळगोंडांचा गडी आत्ताच एक पुडके देऊन गेला. आत सदऱ्याच्या दोन पांढऱ्या बाह्या आहेत, नव्या, जोडायच्या तेवढ्या राहिलेल्या. माप कुणी घेतले नव्हते, तरी बरोबर आहेत. गडी म्हणाला, "पद्माक्कानं दिल्यात. कोटाची ठेवून घेतलीया. पायजे तर ह्या लावून न्यायला या म्हणाली." हे पत्र फाडून नवे लिहिणार होतो, पण इतकी लाज दोनदा लिहवत नाही. वरची विनंती तेवढी खोडली असे समजा.

आणखी एक. रविवारी आपण दोघे बोरगावला जाऊ. तुमचा जुना कोट माझ्यासाठी घेऊन या, खांद्यावर शिवण असलेला. सदरा आणू नका.